टेबलमध्ये अडकणारा कर्सर

मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिब्रेऑफिस रायटर यांसारख्या वर्ड प्रोसेसरमध्ये टेबल भरताना कर्सर हव्या त्या सेलमध्ये (टेबलच्या चौकटीत) न जाणे, एकाच सेलमध्ये अडकणे, दिसेनासा होणे किंवा टेबलच्या बाहेर न निघणे, अशा अडचणींचा हा गट आहे. खान्देशात तहसील कार्यालयाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानांत, ग्रामपंचायतीत आणि शाळांत असे काम रोजचे असते. रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांची गावनिहाय यादी किंवा कापसाच्या पंचनाम्याचे परिशिष्ट भरताना 'कर्सर कथा गया?' (कर्सर कुठे गेला?) असा अहिराणी प्रश्न हमखास कानी पडतो. दोष बहुतेक वेळा कीबोर्डवर जातो. प्रत्यक्षात कीबोर्ड क्वचितच बिघडलेला असतो, टेबलची बांधणी मात्र वारंवार बिघडलेली असते.

मुळात प्रत्येक सेल हा एक छोटा स्वतंत्र कागदच असतो. सेलच्या शेवटी एक अदृश्य खूण असते आणि तिच्यापुढे सेलमधला मजकूर जात नाही. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि 8 एकत्र दाबल्यास या खुणा दिसू लागतात. तपासणीची सुरुवात इथूनच करावी. टॅबने पुढचा सेल मिळतो, शिफ्ट-टॅबने मागचा. शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबले की नवी ओळ तयार होते. याद्यांच्या तळाशी रिकामी ओळ दिसते ती बहुधा यामुळेच. एंटरने मात्र त्याच सेलमध्ये नवा परिच्छेद सुरू होतो, ओळ फुगते आणि एंटरने खालच्या सेलमध्ये जाण्याची एक्सेलची सवय असलेल्या माणसाला कर्सर अडकल्यासारखा वाटतो. सेलच्या आत खरोखर टॅबची जागा सोडायची असेल तर कंट्रोल-टॅब वापरावे.

कर्सर दिसेनासा होण्याचे सर्वांत फसवे कारण म्हणजे ओळीची ठरावीक उंची. टेबल प्रॉपर्टीजमध्ये उंची 'एक्झॅक्टली' अशी बांधलेली असेल, तर जास्तीचा मजकूर आणि त्यासोबत कर्सरही काठाखाली दडतो. अक्षरे टाइप होत असतात, फक्त दिसत नाहीत. ही उंची 'अ‍ॅट लीस्ट' केली की सगळे वर येते. दुसरे कारण ओळ दोन पानांत तुटू न देण्याची सेटिंग. शेरा रकान्यात चार वाक्ये लिहिली की अख्खी ओळ पुढच्या पानावर उडी मारते आणि भरणारा जुन्याच पानावर शोधत बसतो.

वर-खाली अ‍ॅरो दाबल्यावर कर्सर भलत्याच रकान्यात जात असेल, तर मर्ज केलेले सेल शोधावेत. 'तालुका' या मथळ्याखाली पाच गावांचे सेल एकत्र केले की ओळी आणि रकाने सरळ राहत नाहीत. माहिती भरून होईपर्यंत मर्ज करूच नये, हे या नोंदीतले सर्वांत उपयोगी सांगणे. याहून चिवट प्रकार म्हणजे टेबलमध्ये टेबल. दुसऱ्या फाइलमधली यादी कॉपी करून एका सेलमध्ये पेस्ट केली की ती आत घरटे करते. मग टॅब आतल्याच टेबलमध्ये फिरते आणि शेवटी तिथेच ओळी वाढवते. अशा वेळी पेस्ट रद्द करून यादी नव्या ओळी म्हणून घालावी.

अ‍ॅरोने कर्सर हलण्याऐवजी मजकूर निवडला जात असेल, तर वर्डमध्ये चुकून एफ 8 दाबले गेलेले असते, एस्केप दाबावे. रायटरमध्ये एखाद्या सेलमध्ये कर्सर शिरतच नसेल, तर तो सेल प्रोटेक्ट केलेला (बदल करता येऊ नये म्हणून बंद केलेला) आहे का ते पाहावे. टेबल पानाच्या अगदी वर असून त्याच्या आधी मथळा लिहायचा असल्यास पहिल्या सेलच्या सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर दाबले की वर जागा मिळते.

देवनागरीचा प्रश्न निराळा. पीकयादीतला 'क्षेत्र' हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीत) सात चिन्हांनी साठवला जातो: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. अ‍ॅरो त्याला साधारणपणे दोनच पावलांत ओलांडते, पण बॅकस्पेस एकेक चिन्ह खोडते. त्यामुळे शेवटचा र गेला की 'क्षेत्‌' उरतो आणि कर्सरने चूक केल्यासारखे वाटते. तशी ती चूक नाही. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र अक्षर तुकड्यांनी जोडलेले असते. ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि कर्सर तुकड्यातुकड्याने सरकतो. युनिकोडमध्ये हीच वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठवली जाते व्यंजनानंतर. दोन्ही प्रकारचा मजकूर एकाच टेबलमध्ये मिसळला की एका रकान्यात कर्सर एक वागतो, शेजारच्यात दुसरे. जुनी यादी हाती आल्यास आधी फॉन्ट पाहावा, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मगच पहिली नवी ओळ भरावी.