वेश्याव्यवसायाचे निर्गुन्हेगारीकरण (खानदेशाच्या संदर्भात)

प्रौढ व्यक्तीने राजीखुशीने केलेल्या देहविक्रीभोवतीची फौजदारी कलमे काढून टाकावीत की ठेवावीत, हा या वादाचा गाभा आहे. भारतात देहविक्री स्वतः गुन्हा नाही आणि मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तसे स्पष्टही केले. मात्र १९५६ चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, म्हणजेच बोलण्यातला ‘पिटा’, कुंटणखाना चालवणे, उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणे, वेश्येच्या कमाईवर जगणे आणि देवस्थान, शाळा किंवा रुग्णालयापासून २०० मीटरच्या आत व्यवसाय करणे यांना शिक्षा सांगतो. चोपडा, पाचोरा, शिरपूर अशा दाट वस्तीच्या गावांत या अंतराबाहेरची जागा मिळणे जवळजवळ अशक्य असल्याने कायद्याने दिलेली मुभा तेथे कागदावरच राहते. दोघींनी मिळून एक खोली घेतली, तरी व्याख्येनुसार तो कुंटणखाना ठरू शकतो. सोबत राहणाऱ्या सज्ञान मुलाला आपण आईच्या कमाईवर जगत नाही, हे स्वतः सिद्ध करावे लागते.

निर्गुन्हेगारीकरणाचे समर्थक अशी कलमे काढून टाकणाऱ्या न्यूझीलंडच्या २००३ च्या कायद्याकडे बोट दाखवतात. सांगलीच्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ची, म्हणजे देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेची, भूमिकाही याच बाजूची आहे. विरोधक स्वीडनप्रमाणे (१९९९) केवळ गिऱ्हाईकाला दोषी धरावे असे म्हणतात. गरिबीत दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून ऊसतोडीला आणि मजुरीला दरवर्षी बाहेर पडणारी कुटुंबे पाहता खानदेशात तो सहज झटकून टाकता येत नाही. तथापि, १९९४ मध्ये उघडकीस आलेल्या जळगावच्या लैंगिक शोषण प्रकरणाचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण धाक दाखवून केलेले शोषण आणि अल्पवयीनांचा वापर हे कोणत्याही प्रारूपात गुन्हेच राहतात.

गिऱ्हाईक बोलावण्याचे कलम ८ वगळून गिऱ्हाईकाला शिक्षा सुचवणारे २००६ चे दुरुस्ती विधेयक २००९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच मंजुरीविनाच व्यपगत (आपोआप रद्द) झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, असे निर्देश दिले. कलमे मात्र तशीच राहिली. त्यांतील कलम २० ची चर्चा फारशी होत नाही, पण लहान शहरात त्याचीच धास्ती मोठी असते, कारण त्याखाली दंडाधिकारी अशा स्त्रीला आपल्या हद्दीबाहेर जाण्याचा आणि परवानगीशिवाय परत न येण्याचा हुकूम देऊ शकतो.