म्हातारपण आणि मध्यकर्ण: सांधे झिजतात, तरी आवाज पोचतो

मध्यकर्णातल्या, पडद्यापासून आतल्या कानापर्यंत आवाज पोचवणाऱ्या हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमधले दोन्ही सांधे गुडघ्याच्याच जातीचे: कूर्चा, आवरण आणि आत वंगणासारखा द्रव. त्यामुळे वयाबरोबर ही साखळी आखडत असणार आणि म्हणूनच ऐकू कमी येत असणार, ही शंका जुनी आहे.

साखळीचे यंत्रशास्त्र जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६८ मध्ये मांडले. आज मान्य असलेले आकडे असे: कानाच्या पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिमी, रिकिबीची तळपट्टी (आतल्या कानाला टेकणारे तिचे टोक) ३.२ चौरस मिमी, म्हणजे १७ पट. शिवाय तरफेचे १.३ पट. मिळून दाब सुमारे २२ पट, म्हणजे २७ डेसिबेलच्या आसपास वाढतो. शंका खरी असती, तर ही वाढ वृद्धांमध्ये घटायला हवी होती.

एथोल्म आणि बेलाल यांनी १९७४ मध्ये या सांध्यांमधले वार्धक्यातले बदल सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कूर्चेला चिरा, आवरणात कॅल्शियम, कुठे सांध्याची फटच बुजलेली. हे बदल वयाबरोबर वाढत होते. तरीही ध्वनिवहनात त्याचा ठळक तोटा दिसला नाही. कारण रचनेतच आहे. हातोडी आणि ऐरण कमी वारंवारतेला एकसंध तुकड्यासारखी हलतात, तेव्हा त्यांच्यातला सांधा जखडल्याने फारसे बिघडत नाही. (गिनीपिगमध्ये ही दोन हाडे मुळातच जुळलेली असतात.) तळपट्टीच्या कडेचा अस्थिबंध जखडला तर गोष्ट वेगळी. ओटोस्क्लेरोसिसमध्ये (रिकीब हाडवाढीने जखडण्याच्या विकारात) तेच होते आणि नुकसान ५० डेसिबेलपर्यंत जाऊ शकते.

मोजणीची साधने नंतर सुधारली. नेहमीची टिम्पॅनोमेट्री (कानात स्वर सोडून पडदा आणि मध्यकर्ण किती हलतात हे मोजणारी चाचणी) २२६ हर्ट्झच्या एकाच स्वरावर चालते, म्हणून तिला वयाचा फरक फारसा पकडता येत नाही. फीनी आणि सॅनफर्ड यांनी २००४ मध्ये विस्तृत वारंवारतांवर मोजणी केली, तेव्हा वृद्धांचा मध्यकर्ण ताठ नव्हे, उलट थोडा सैल झाल्याची चिन्हे दिसली. जुन्या शंकेच्या हे अगदी विरुद्ध.

म्हणून वृद्धाच्या ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) हवेतून आणि कवटीच्या हाडातून ऐकू येण्यात अंतर दिसले, तर ते वयाच्या खात्यावर टाकणे चूक आहे. मळ, पडद्याचे छिद्र, मध्यकर्णात साचलेला द्रव आणि ओटोस्क्लेरोसिस आधी तपासावेत. एक फसवे कारण म्हणजे कानावर दाबून बसणारा हेडफोन. वयाने सैल झालेली बाह्य कर्णनलिकेची कूर्चा त्याने मिटते आणि मुख्यतः उच्च वारंवारतांवर खोटे अंतर उमटते. नलिकेच्या आत बसणारे इन्सर्ट इअरफोन लावून चाचणी पुन्हा घेतली, की ते नाहीसे होते.