ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता

ध्वनिक्षेपकाला (लाउडस्पीकरला) ठराविक विद्युत् शक्ती दिली असता ठराविक अंतरावर किती ध्वनिदाब निर्माण होतो, हे सांगणारे माप. रूढ पद्धतीत 1 वॅट शक्ती व 1 मीटर अंतर धरतात. ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) ध्वनिक्षेपकाच्या अक्षावर, शक्यतो निष्प्रतिध्वनी कक्षात ठेवतात आणि 20 मायक्रोपास्कल ही संदर्भपातळी धरून दाब डेसिबलमध्ये मोजतात. घरगुती ध्वनिक्षेपकांत हा आकडा साधारणपणे 84 ते 90 असतो; कर्ण्याच्या एककांत तो 105 च्याही वर जातो.

वॅटऐवजी 2.83 व्होल्ट हा आधार घेण्याचीही प्रथा आहे. 8 ओहम संरोधात (विद्युत् प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधात) 2.83 व्होल्ट म्हणजे 1 वॅट. 4 ओहमच्या ध्वनिक्षेपकात मात्र तेवढ्याच व्होल्टेजला 2 वॅट खर्च होतात व आकडा 3 डेसिबलने फुगतो. शिवाय संरोध कंप्रतेनुसार (फ्रिक्वेन्सीनुसार) बदलत असल्याने ‘8 ओहम’ हे मूल्य नाममात्रच असते. अॅम्प्लिफायर निवडताना व्होल्टचा आधार सोयीचा ठरतो. कार्यक्षमतेची तुलना करताना वॅटचाच घेणे इष्ट.

हा आकडा आणि कानाला जाणवणारा मोठेपणा एक नव्हेत. शक्ती दुप्पट केली की 3 डेसिबल वाढतात, पण आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. कान 3,000 ते 4,000 हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. कोणत्या कंप्रतेला किती डेसिबल असता स्वर सारखेच मोठे वाटतात हे दाखवणारे समप्रबलता वक्र फ्लेचर व मन्सन यांनी 1933 मध्ये मांडले. रॉबिन्सन व डॅडसन यांचे 1956 चे वक्र नंतर प्रमाण ठरले. 2003 च्या सुधारित आंतरराष्ट्रीय प्रमाणातील खालच्या कंप्रतांची मूल्ये मात्र फ्लेचर-मन्सन यांच्या जुन्या वक्रांकडेच अधिक झुकतात. त्यानुसार 1,000 हर्ट्झच्या 40 डेसिबल स्वराइतका मोठा वाटण्यासाठी 50 हर्ट्झचा स्वर सुमारे 78 डेसिबलचा असावा लागतो.

कोल्हापुरात विसर्जन मिरवणुकीतील ‘डॉल्बी’च्या भिंतीत बेसचे खोके एकावर एक रचण्याचे कारण हेच. शेजारी ठेवलेले दोन सारखे बेस खोके, प्रत्येकाला तेवढीच शक्ती दिल्यास, मिळून एकापेक्षा सुमारे 6 डेसिबल अधिक देतात. त्यांतले 3 केवळ एकत्र असण्याचे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल घटतात. महाद्वार रोडसारख्या दुतर्फा इमारतींच्या रस्त्यावर घट त्याहून कमी होते.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ती ‘ए’ भारमापनावर, म्हणजे कानाच्या तीक्ष्णतेनुसार कंप्रतांना कमी-अधिक भार देणाऱ्या मापनावर ठरलेली असून त्यात 50 हर्ट्झच्या स्वरातून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. परिणामी छातीत जाणवणारा बेस मापकावर बराच सौम्य नोंदला जातो.