ताऱ्याचं तेज खरंच बदलतं

‘ताऱ्यांचं तेज कायम सारखंच असतं, कमी-जास्त वाटतं ते हवेमुळे’ हे वाक्य कित्येक वर्षं फिरतंय. ते पटण्यासारखं आहे, कारण लुकलुकणं खरोखरच हवेमुळे होतं. पण लुकलुकणं क्षणाक्षणाचं. काही ताऱ्यांचं तेज मात्र दिवसांच्या हिशोबानं बदलतं, आणि तो बदल ताऱ्याच्या आतला असतो.

गरुड समूहातला ईटा हा तारा घ्या. त्याच्या आत हेलियमचा एक थर आहे. तो दाबला गेला की अपारदर्शक होतो, आतली उष्णता अडकते आणि तारा फुगतो. फुगल्यावर थर पारदर्शक होतो, उष्णता निसटते, तारा पुन्हा आकसतो. एक फेरी सव्वासात दिवसांच्या जरा आत पूर्ण होते. सर्वांत मंद असताना त्याचं तेज जवळजवळ निम्म्यावर येतं. १७८४ मध्ये हे नुसत्या डोळ्यांनीच लक्षात आलं होतं.

तुम्हालाही पाहता येईल. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या संध्याकाळी, गावाबाहेरच्या अंधारात श्रवण नक्षत्राचा ठळक तारा शोधा. त्याच्या दोन बाजूंना दोन तारे दिसतात. त्यातला मंद तो आपला मापदंड. श्रवणाच्या दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोड्या कमी अंतरावर ईटा आहे. रोज एवढंच लिहा: मापदंडापेक्षा उजळ, सारखा की मंद? दोन आठवड्यांत वहीत चढउतार उमटतो. चढ भराभर, उतार सावकाश. हवेला असं वेळापत्रक पाळता येत नाही, आणि शेजारचा ताराही त्याच हवेतून दिसत असतो.

आपला अढळ ध्रुवसुद्धा साधारण चार दिवसांनी असाच स्पंदतो, फक्त तो फरक डोळ्यांना कळत नाही.