आठ फंड म्हणजे आठपट सुरक्षितता?

‘सगळी अंडी एका टोपलीत नकोत, म्हणून निदान आठ-दहा म्युच्युअल फंड घ्या,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. पहिला अर्धा भाग अगदी रास्त आहे. घोळ दुसऱ्यात आहे.

फंड ही टोपली, अंडी म्हणजे आतले शेअर. नियमानुसार लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावे लागतात. त्यामुळे असे पाच फंड घेतले तरी त्याच मोठ्या बँका, त्याच आयटी कंपन्या पुन्हा पुन्हा हाती येतात. बाजार पडला की पाचही बहुधा एकत्रच पडतात. नावे निराळी असल्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही, हेही खरे.

पडताळणी घरी होते. प्रत्येक फंड दर महिन्याला आपली गुंतवणूक-यादी संकेतस्थळावर टाकतो. दोन याद्या शेजारी ठेवा. एखादी कंपनी एकात ९ टक्के, दुसऱ्यात ७ टक्के असेल तर लहान आकडा, म्हणजे ७, लिहा. सगळ्या सामाईक कंपन्यांचे असे आकडे मिळवा. बेरीज ६० आली, तर दोन्ही फंडांचा ६० टक्के भाग एकच आहे.

विविधता येते ती प्रकार बदलल्याने: एखादा इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा), पीपीएफ किंवा मुदत ठेव, थोडे सोने. (दागिने त्यात धरू नका, ते कोण मोडतो?) जादा फंड मात्र घाईने विकू नका, आधी एक्झिट लोड (मुदतीआधी पैसे काढल्यास कापले जाणारे शुल्क) आणि कर पाहा. त्यांतली एसआयपी, म्हणजे ठरावीक काळाने जाणारा हप्ता, थांबवायचा अर्ज तेवढा आजच देता येतो.