सोलरचं पाणी कोमट येतंय? फोन करण्याआधी हँड शॉवरमागचे नळ बघा

दिवाळी संपून नाशिकची थंडी सुरू झाली की आमच्याकडे रोज सकाळी एकच फोन असतो. "सोलर बिघडलाय, पाणी कोमट येतंय, मुलांची शाळा आहे, लगेच माणूस पाठवा." माणूस चार मजले चढून गच्चीवर जातो. सोलरच्या काचेच्या नळ्या शाबूत, टाकीतलं पाणी हात लावू देत नाही इतकं गरम. मग तो खाली बाथरूममध्ये येतो आणि तिथे कारण सापडतं.

लहान मुलं असलेल्या घरांत हे जास्त होतं. मूल हँड शॉवरखाली उभं राहतं आणि अंघोळ झाली की दांड्यावरचं बटण दाबून पाणी बंद करतं. मागचे गरम-थंडचे दोन्ही नळ उघडेच राहतात. थेंबही गळत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण आत मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळात, गरम आणि थंड लाईन एकमेकींना जोडल्या गेलेल्या असतात. दुसऱ्या बाथरूममध्ये आजोबांनी गरम नळ सोडला की गरम लाईनचा दाब उतरतो आणि मुलाच्या मिक्सरमधून थंड पाणी तिकडे घुसतं. आजोबांच्या बादलीत कोमट. सोसायटीचा सोलर सामाईक असेल तर तुमच्या उघड्या नळाची शिक्षा शेजाऱ्यांना.

थंड लाईनला प्रेशर पंप बसवला असेल आणि गरम लाईनला नसेल, तर प्रकरण आणखी वाढतं. थंड पाणी उलटं चढून थेट सोलरच्या टाकीत जातं. गच्चीवर टाकीच्या हवेच्या पाइपातून पाणी वाहताना दिसलं तर आधी हाच संशय घ्या. पंप बसवणाऱ्याने हे सांगितलेलं नसतं, ऐकून मात्र आम्ही घेतो.

खात्री घरीच करता येते. गच्चीवर सोलरकडून येणाऱ्या गरम लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि खाली येऊन फक्त एक गरम नळ सोडा. पाइपात उरलेलं पाणी संपलं की धार थांबायला हवी. चालूच राहिली, तर कुठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी येतंय. स्वयंपाकघरातल्या सिंकचा मिक्सरही विसरू नका. सापडला की तो बंद करा आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह आठवणीने परत उघडा. (तो उघडायला विसरल्याचेही फोन आम्हाला येतात.)

हे कळलं नाही की लोक बॅकअपची, म्हणजे टाकीतलं पाणी विजेवर तापवणारी कॉइल लावतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. २०० लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला कॉइल साधारण ८ युनिट वीज खाते. त्यात मुलांची अंघोळ झाल्यावरही ती चालू राहिली, तर जे पाणी दुपारच्या उन्हाने फुकट तापलं असतं तेच तुम्ही विकतच्या विजेने तापवता. सकाळी नळाला येतं ते कालच्या उन्हाचं पाणी. कॉइल लावायची ती काल ढग असतील तर, तीही अंघोळीआधी, आणि अंघोळी उरकल्या की लगेच बंद. म्हणूनच आम्ही कॉइलचं बटण बाथरूमबाहेर, येता-जाता दिसेल असं बसवतो. भिंतीवर शोभत नाही ही तक्रार मान्य, पण जागा बदलणार नाही.

आता सुरुवातीच्या गार पाण्याबद्दल. पाऊण इंची पाइप ३० मीटर असेल तर त्यात ९ लिटरच्या आसपास पाणी उभं असतं आणि रात्रभरात ते गार होतं. हा बिघाड नाही. ते बादलीत धरा, फरशी पुसायला होतं. पहिली अंघोळ झाल्यावर लगेच दुसरी उरकली तर हे पाणी पुन्हा सोडावं लागत नाही. शॉवरखाली मूल दहा मिनिटं रमलं की ८० लिटर सहज जातात, म्हणजे चार बादल्या. मग शेवटच्या माणसाला गार पाणी मिळतं आणि बोलणी आम्ही खातो.

मोठी टाकी बसवून द्या, असं बरेच जण म्हणतात. विकायला आमची ना नाही, पण दहापैकी सहा-सात घरांत तिची गरज नसते. त्याआधी मिक्सरच्या मागे गरम लाईनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवून घ्या. तासाभराचं काम आहे, खर्च टाकीच्या मानाने किरकोळ, आणि मुलांनी नळ उघडे ठेवले तरी थंड पाणी गरम लाईनमध्ये शिरत नाही. बोअरचं पाणी असेल तर क्षाराने तो अडकतो, म्हणून वर्षातून एकदा साफ करावा लागतो. सर्व्हिसमध्ये टाकी आणि नळ्यांसोबत आम्ही तोही साफ करतो.

बिघाड निघाला नाही तरी व्हिजिट चार्ज घेतो, यावर नाराजी असते. माणसाची सकाळ त्यात जाते आणि ज्यांची नळी खरंच फुटलीय ते ताटकळत राहतात. गच्चीवरच्या क्रिकेटमध्ये एक नळी फुटली तरी सगळी टाकी रिकामी होते, तिथे आधी पोचावं लागतं.

फोन करताना टाकी किती लिटरची, प्रेशर पंप कुठल्या लाईनवर आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर धार थांबली का, एवढं सांगा. तिसऱ्याचं उत्तर "थांबली नाही" असेल तर माणूस नॉन रिटर्न व्हॉल्व्ह सोबत घेऊनच येईल.