इराणच्या जुन्या इमारती आणि हम्मुराबीचं कलम

‘घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्यालाही मृत्युदंड; म्हणून तर इराणमधल्या इमारती शतकानुशतकं उभ्या आहेत,’ असं सर्रास सांगितलं जातं. कलम खरं आहे, पण ते आजच्या इराकमधल्या प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातलं, इ.स.पू. अठराव्या शतकातलं. हा कायदा कोरलेला शिलास्तंभ १९०१-०२ मध्ये इराणातल्या सुसा इथे सापडला, कारण एलामच्या (नैर्ऋत्य इराणातल्या प्राचीन राज्याच्या) राजाने तो लुटून तिथे नेला होता. घोटाळा बहुधा तिथूनच झाला असावा.

इमारती टिकल्या त्या मुख्यतः दुरुस्तीमुळे. वक्फच्या, म्हणजे धर्मादाय दानाच्या, दस्तात दुकानं, शेतं, हमामं (सार्वजनिक स्नानगृहं) यांचं उत्पन्न मशिदीच्या डागडुजीसाठी लावून दिलेलं असे. इस्फहानची जामे मशीद बाराव्या शतकात जळाली, पुन्हा उभी राहिली. सेल्जुक, इल्खानी, सफवी अशा कितीतरी राजवटींचं काम तिच्यात दिसतं. कच्च्या विटांच्या भिंतीला तर माती-भुशाचा गिलावा वरचेवर द्यावाच लागतो, नाहीतर पाऊस ती खातो.

आणि ज्या पडल्या त्या मोजतो कोण? आग्नेय इराणातल्या बम शहराचा मातीचा प्रचंड किल्ला २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात ढासळला. आज दिसतो तो बराचसा नंतर उभारलेला आहे.